वाटूर फाट्यावर ठरणारी वाट

वाटूर फाट्यावर जालना, परतूर आणि मंठा अशा तीन वाटा भेटतात. मंठ्याकडे गेलेला प्रवासी तिथून लोणारला वळू शकतो. नाही तर सरळ चारठाणा, जिंतूर करत औंढा नागनाथ आणि पुढे नांदेडचा गुरुद्वारा गाठतो. कुठे थांबायचे आणि कुठे नाही, हे आता हातातल्या फोनवर ठरते.

पर्यटनस्थळांची चढाओढ सौंदर्याची असते असे आपण धरून चालतो. पण घरातली म्हातारी माणसे, लेकरे घेऊन निघालेल्या माणसाचे प्रश्न साधे असतात. रस्ता कसा आहे? मंदिर किती वाजता उघडते? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? जेवण कुठे मिळेल? ज्या ठिकाणाची उत्तरे मिळतात तिकडे गाडी वळते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे घरबसल्या कळते. तिकीटही घरूनच काढता येते. या लेण्यांची थोरवी आहेच, पण ही खात्रीही त्यांच्या बाजूने उभी असते. चारठाण्याची जुनी मंदिरे आणि बारव महामार्गाजवळच आहेत, तरी तिथून जाणाऱ्या किती गाड्या थांबतात?

लोणारने मात्र तंत्रज्ञानाचे बळ अनुभवले आहे. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे जगभर पोहोचली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण शोधले: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. एवढे बोलावणे कोट्यवधींची जाहिरात करूनही गेले नसते.

पण बोलावणे हे अर्धेच काम. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर काठावरून पाहून माणूस तासाभरात परततो. कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत कसे उतरायचे, दैत्यसूदन मंदिरात काय पाहायचे, मुक्कामाला कुठे राहायचे, हे त्याला वेळेवर कळले तर तो रात्रभर राहील आणि त्याचे पैसे गावात उतरतील. माझ्या मते आपण याच दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष केले आहे.

चुकीची माहिती तर नसल्याहून वाईट. नकाशाने भलत्याच शिवारात नेलेला किंवा कुलूपबंद दारापाशी पोहोचलेला माणूस तिथेच उभा राहून अभिप्राय लिहितो, आणि पुढचे अनेकजण तो वाचून बेत बदलतात. अशा चुकांची दुरुस्ती मुंबईतल्या कार्यालयातून होणार नाही. जत्रेत दर्शनाची वेळ बदलली, पावसाने पूल बंद झाला, हे गावालाच आधी कळते. आणि नकाशावर दुरुस्ती सुचवायला पैसा लागत नाही.

म्हणून परतूर आणि मंठ्याच्या महाविद्यालयांतील मुलामुलींना विनंती आहे: आपल्या गावातले मंदिर, बारव, खानावळ नकाशावर शोधा. जागा, देवनागरीतले नाव, वेळ आणि फोन तपासा, चुकले असेल ते दुरुस्त करा. श्रावणात औंढ्याला जाणाऱ्यांची गर्दी याच रस्त्याने येते; त्याआधी हे काम होऊ द्या.