खोडदची दुर्बीण आणि माळीणची माती



नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागले की टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांपलीकडे तारेच्या जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. ही आपली 'खोडदची दुर्बीण', म्हणजेच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. अशा एकूण 30 थाळ्या आहेत व प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. त्यांपैकी 14 खोडदजवळ एकत्र आहेत, तर 16 तीन दिशांना सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण 2001 मध्ये देशाला अर्पण करण्यात आली. हा सारा खर्च सरकारी तिजोरीतून झाला.

आता तेथून पश्चिमेकडे वळू या. घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण हे गाव होते. 30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा खाली आला आणि 151 माणसे मातीखाली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. त्याने खबर दिली, तेव्हा जगाला कळले.

एकाच पुणे जिल्ह्यातील, शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतील ही दोन ठिकाणे. एकीकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपणारे यंत्र, तर दुसरीकडे डोक्यावरचा डोंगर कधी खचेल हे ठाऊक नसलेली माणसे. मग प्रश्न पडतो : जनतेचा पैसा आकाशासाठी खर्चावा की जमिनीवरच्या दुःखासाठी? ख्रिस्ती माणसाने या प्रश्नाकडे कसे पाहावे?

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या 2025-26 च्या अंदाजपत्रकात अवकाश विभागासाठी सुमारे 13,400 कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण खर्चाशी तुलना केली तर शंभर रुपयांतले हे सुमारे 26 पैसे. त्याच वर्षी रोजगार हमीसाठी 86,000 कोटी ठेवले होते. तेव्हा गरिबांच्या तोंडचा घास काढून याने उडवली जातात, असे म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही. पण 26 पैसे म्हणजे थोडेच, असे म्हणून हात झटकणेही बरोबर नाही. हिरडा गोळा करून विकणारी आदिवासी बाई साबणाची वडी घेते, तेव्हा तीही कर भरते. त्या 26 पैशांत तिचाही वाटा आहे. म्हणून विचारण्याचा हक्कही तिला आहे.

हा प्रश्न शुभवर्तमानातही आला आहे. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या पायांना अतिशय मौल्यवान सुगंधी तेल लावले. तेव्हा यहूदा इस्कार्योत म्हणाला, हे तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? ऐकायला किती योग्य वाटते! पण संत योहान लगेच सांगतो की, त्याला गरिबांची काळजी नव्हती. पैशाची थैली त्याच्याकडे असे व तो तीतले पैसे चोरीत असे. प्रभूने मरियेची बाजू घेतली. गरीब तुमच्याबरोबर नेहमीच असतात, असे प्रभू म्हणाला. ते गरिबांना विसरण्याची मोकळीक देण्यासाठी नव्हे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात या विचाराला जोडूनच गरजू भावासाठी हात सैल सोडण्याची आज्ञा आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते.

या प्रसंगाचा आधार घेऊन काही जण गरिबाचेच तोंड बंद करतात. तो मोठा अन्याय होय. तो प्रश्न गरिबाने विचारला नव्हता, थैलीवाल्याने विचारला होता. प्रश्न तोच, पण विचारणारा कोण यावर त्याचे मोल ठरते. 1970 मध्ये आफ्रिकेतील झांबियात सेवा करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा यांनी नासातील शास्त्रज्ञ अर्न्स्ट स्टुलिंगर यांना पत्र लिहून विचारले होते की, मुले उपाशी मरत असताना मंगळाच्या मोहिमांवर पैसा कशाला? त्या धर्मभगिनीला तो अधिकार होता, कारण तिचे आयुष्य त्या मुलांसाठीच वाहिलेले होते. स्टुलिंगर यांनीही तिला सविस्तर व आदराने उत्तर दिले. आपण मात्र लग्नात लाखो रुपये उधळायचे, गरिबांच्या पेटीत सुटे नाणे टाकायचे आणि चहा पिताना म्हणायचे, 'सरकारने चंद्रावर पैसे घालवले!' असे बोलण्याआधी स्वतःची थैली उघडून पाहिलेली बरी.

मग आकाशाकडे पाहणे हा पैशाचा अपव्यय आहे काय? ख्रिस्तसभेने तसे कधी मानले नाही. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी तिची पुनर्स्थापना केली. देवाने निर्माण केलेले विश्व समजून घेणे, हीदेखील त्याची स्तुतीच. खोडदच्या दुर्बिणीने टिपलेली, हायड्रोजनची सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वीची एक लहर 2023 मध्ये जगापुढे मांडली गेली. तिने कोणाची भूक भागत नाही, हे खरे. पण मरियेच्या तेलानेही भागली नव्हती. शिवाय ही दुर्बीण काटकसरीनेही बांधलेली आहे. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी ताणून बसविली, त्यामुळे वारा आरपार जातो, पोलाद कमी लागते आणि पैसा वाचतो. जनतेचा पैसा जपून वापरणे हाही सद्गुणच आहे.

आकाशातले ज्ञान जमिनीवर उपयोगीही पडते. जून 2020 मधील निसर्ग चक्रीवादळ उपग्रहांनी आधीच पाहिले, म्हणून किनाऱ्यावरील हजारो माणसांना वेळेत हलविता आले. पण तेच वादळ आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात शिरले व त्याने हिरड्याचे पीक झोडपले. त्याच्या भरपाईसाठी आदिवासी बांधवांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. वादळ आकाशातून काही तासांत दिसले. गरिबाचे नुकसान कार्यालयातून दिसायला वर्षे गेली.

14 जुलै 2023 रोजी चंद्रयान-3 झेपावले. पाचच दिवसांनी, 19 जुलैच्या रात्री, सह्याद्रीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. 23 ऑगस्टला यान चंद्रावर उतरले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या आनंदात गैर काही नव्हते. त्याच वर्षी इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने देशातील भूस्खलनांचा नकाशासंग्रहही प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्ञान आकाशातून खाली येते, पण शेवटच्या वाडीपर्यंतची अखेरची पायवाट ते चालत नाही. ती पायवाट बांधायला चंद्रयानाचे सुमारे 615 कोटी रुपये वाचवायची गरज नाही. त्यासाठी हवी आहे ती गरिबाविषयीची कळकळ, आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात मिळत नाही.

या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचा एक जुना आदर्श आहे. केरळमधील थुंबा येथे अग्निबाण सोडण्यासाठी जागा हवी होती, पण तेथे संत मेरी माग्दालेनाचे चर्च व कोळी बांधवांची वस्ती होती. डॉ. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी हा विषय रविवारी भाविकांपुढे ठेवला आणि लोकांनी आपले चर्च देशाला दिले. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. ज्यांच्याकडे थोडे होते, त्यांनीच पहिले दान दिले. आज मासे कोठे मिळतील याची माहिती उपग्रहांच्या आधारे कोळ्यांना दिली जाते. ती एका ऋणाची फेड आहे, उपकार नव्हे.

आपल्या भागानेही आकाशासाठी किंमत मोजली आहे. दुर्बिणीला रेडिओ लहरींचा गोंगाट चालत नाही, म्हणून परिसरात उद्योगांवर बंधने आली. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावकडील मार्गही याच कारणाने शक्य नसल्याचे रेल्वे खात्याने 2025 मध्ये सांगितले. रेल्वेची वाट पाहणाऱ्या तरुणांची निराशा खोटी नाही. ज्या गावांनी हा त्याग केला, त्यांना त्याचा मोबदला शिक्षण, रोजगार आणि रस्ते या रूपाने मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

म्हणून आम्हांला असे वाटते की, 'आकाश की पृथ्वी' असा हा सामना नाही. आकाशावर खर्च जरूर व्हावा, पण तो खर्च कर्जासारखा मानावा. ज्यांच्या पैशातून ज्ञान मिळाले, त्यांच्या दारापर्यंत ते पोहोचले की कर्ज फिटले. तोपर्यंत माळीणच्या मातीला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि तिच्यापुढे आपण सर्वांनी मान खाली घातली पाहिजे.

हे काम केवळ सरकारचे नाही. दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला मुलांची रीघ लागते. आपल्या मुलांनाही तेथे न्या; देवाची सृष्टी किती अफाट आहे ते त्यांना पाहू द्या. आणि पावसाळ्यापूर्वी डोंगरातल्या वाड्यांवर राहणाऱ्या ओळखीच्या एका तरी कुटुंबाला भेटा. डोंगराला भेगा पडल्या आहेत का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले आहे का, धोक्याची सूचना आली तर जाणार कोठे, हे त्यांना विचारा आणि त्यांचे म्हणणे तहसील कार्यालयापर्यंत पोहोचवा.

ज्याने तारे निर्माण केले, तोच बेथलेहेमच्या गोठ्यात गरिबाघरी जन्मला. वर पाहण्याची जिज्ञासा आणि खाली वाकण्याची नम्रता, ही दोन्ही दाने प्रभू आपल्याला देवो. आमेन.