आधी विचारू या

गावातल्या तरुणांना काय हवे, हे बहुधा आपण वडीलधारेच ठरवतो. कमान उभी राहते, अभ्यासिका मात्र राहून जाते. मैदान होते, तेथे मुलींना खेळता येईल का, हे कोणी विचारत नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या साहित्यातून केली. खेड्याजवळही देण्यासारखे काही असते, हे तेव्हा देशाने पाहिले. मग आपल्या मुलांजवळ नसेल का?

अठरा वर्षांचा प्रत्येक नोंदणीकृत मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. तरीही तरुण दाराशीच उभे राहतात. न विचारता दिलेली सोय म्हणजे उपकार. विचारून दिलेली, तो सन्मान. त्यांचे उत्तर आपल्याला रुचेलच असे नाही. तरीही पुढच्या ग्रामसभेत आधी त्यांना बोलू देऊ या.