एका विमानात दोन भाडी



हज किंवा उमरा करून परतलेल्या मंडळींच्या भेटीला आपण जातो, जमजम पितो, खजूर घेतो, मक्का-मदिनेच्या गोष्टी ऐकतो. थोड्या वेळाने कोणीतरी हळूच विचारते, "तिकीट केवढ्याला पडले?" मग शेजारी बसलेला दुसरा उमरा यात्री आपला आकडा सांगतो आणि खोली क्षणभर शांत होते. विमान एकच, दिवस एकच, आसनाची रांगही एकच. पण भाड्यात दहा-पंधरा हजारांचा फरक. असा फरक पाहून आमच्या मशिदीत मला अनेकदा विचारले गेले आहे, "मौलाना, हा जुलूम नाही का?"

बरीच वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर चटकन देत असे. उभयतांच्या संमतीने झालेला व्यापार हलाल आहे, एवढे सांगून मी मोकळा होई. हे उत्तर चूक नव्हते, पण ते अपुरे होते. ते अपुरे असल्याचे मला कसे कळले, हे मी पुढे सांगणारच आहे. आधी भाडे ठरते कसे, ते समजून घेऊ या.

भाडे ठरते कसे?

एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्याने तिकीट आज काढले किंवा आठवड्यापूर्वी, त्याच बसला त्याच प्रवासाचे तेवढेच पैसे पडतात. एके काळी विमानाचेही साधारण असेच होते. १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झालेल्या 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदांत आंतरराष्ट्रीय भाडी ठरत आणि सरकारे त्यांना मान्यता देत. पुढे हे चित्र पालटले. १९७२ मध्ये 'बीओएसी' या ब्रिटिश विमान कंपनीतील लिटलवुड नावाच्या गृहस्थांनी एक साधा नियम मांडला. समजा, स्वस्त तिकीट २० हजारांचे आणि पूर्ण भाड्याचे ५० हजारांचे आहे. शेवटच्या दिवसांत पूर्ण भाडे देणारा प्रवासी येण्याची शक्यता शेकडा ४० पेक्षा अधिक असेल, तर आज स्वस्त तिकीट विकू नये, ते आसन राखून ठेवावे. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून देशांतर्गत विमानभाड्यांवरील नियंत्रण उठवले आणि अशा हिशेबाला मोकळे रान मिळाले. आज हे गणित संगणक अहोरात्र करीत असतो.

त्यामुळे विमानातील आसने दिसायला सारखी असली, तरी कंपनीच्या दप्तरी त्यांचे अनेक गट असतात. प्रत्येक गटाला एक अक्षर, एक भाडे आणि काही अटी. स्वस्त गटातील आसने संपली की वरचा गट उघडतो. स्वस्त तिकिटाला बहुधा परतावा नसतो, तारीख बदलता येत नाही किंवा त्यासाठी दंड भरावा लागतो. महाग तिकिटात ती मोकळीक असते. थेट जाणारे विमान बहुधा महाग, शारजा, दोहा किंवा मस्कतला थांबून जाणारे स्वस्त. कारण थेट प्रवासाच्या सोयीचीही किंमत लावली जाते. रमजान आणि शाळांच्या सुट्ट्या यांत मागणी वाढते आणि तिच्याबरोबर भाडेही.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हा हिशेब प्रवासी गरीब की श्रीमंत, हे विचारत नाही. तो एवढेच पाहतो की याला थांबता येते की नाही. उद्याच्या बैठकीला निघालेला व्यापारी त्याला अडलेला दिसतो. आणि आखातात मजुरी करणारा, बापाच्या जनाज्यासाठी आज रात्रीच निघू पाहणारा मुलगाही त्याला तसाच अडलेला दिसतो. दोघांना एकच चढे भाडे सांगितले जाते.

आपल्या दारातले उदाहरण

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या हज यात्रेकरूंना नागपूरचे प्रस्थानस्थळ जवळचे. परंतु २०२३ च्या हजमध्ये मुंबईच्या तुलनेत औरंगाबादहून जाणाऱ्याला सुमारे ८८ हजार रुपये अधिक मोजावे लागले आणि नागपूरहून जाणाऱ्यालाही साठ हजारांहून अधिक. हज तोच, अरफातचे मैदान तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हजचे अनुदान दहा वर्षांत संपविण्याचा आदेश दिला होता. २०१८ मध्ये ते बंद झाले. त्यामुळे हा फरक आता सर्वस्वी हाजीच्या खिशातून जातो.

यामागचे कारणही समजून घेतले पाहिजे. हजची विशेष विमाने हाजींना पोहोचवून रिकामी परततात आणि सुमारे चाळीस दिवसांनी त्यांना आणण्यासाठी पुन्हा रिकामी जातात. दोन फेऱ्यांचे भाडे घेऊन चार फेऱ्यांचा खर्च भागवावा लागतो. जेथे यात्रेकरू थोडे आणि विमान कंपन्यांची स्पर्धाही थोडी, तेथे हा भार डोईजड होतो. सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपर्यंतचाच रस्ता दिवसभराचा. त्याला मुंबई गाठा आणि पैसे वाचवा, हे सांगणे सोपे आहे. सत्तरीच्या आईला घेऊन रेल्वेने मुंबईला जाणे, तेथे मुक्काम करणे, याचाही खर्च आणि शीण मांडावा लागतो.

भावातील फरक म्हणजे जुलूम का?

मदिनेत एकदा वस्तूंचे भाव चढले. लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव ठरवून देण्याची विनंती केली. प्रेषितांनी ती मान्य केली नाही. भाव चढवणारा आणि उतरवणारा अल्लाह आहे, आणि कोणाच्याही जीविताच्या किंवा मालमत्तेच्या बाबतीत अन्याय केल्याचा दावा माथ्यावर घेऊन मी त्याला भेटू इच्छित नाही, असा त्या हदीसचा आशय आहे. यावरून बहुसंख्य विद्वानांनी निष्कर्ष काढला की मागणी आणि पुरवठ्याने भाव बदलणे हा जुलूम नव्हे.

हे आपल्याला तेंदूपत्त्यावरूनही कळते. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आपल्या तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. एका गावाला या वर्षी चांगला भाव मिळतो, शेजारच्या गावाला कमी. पुढच्या वर्षी उलटही होते. याला कोणी जुलूम म्हणत नाही. परंतु लिलावाआधीच एखादा दलाल जंगलवाटेवर गाठून, बाजारातला भाव लपवून पुडे स्वस्तात घेऊन गेला, तर त्याला आपण काय म्हणू? प्रेषितांनी (स.) नेमके हेच वर्ज्य केले. बाहेरून माल घेऊन येणारा काफिला बाजारात पोहोचण्यापूर्वी, त्याला भाव कळण्यापूर्वी, वाटेतच गाठून सौदा करण्यास त्यांनी मनाई केली. त्या सौद्यातही उभयतांची संमती असतेच, पण त्यातील एकाची संमती अंधारातली असते.

आणि भाव मोकळा सोडण्यालाही सीमा आहे. इमाम इब्ने तैमिया (मृत्यू १३२८) यांनी लिहिले की विक्रेते संगनमत करून लोकांची अडवणूक करू लागले, तर शासनाने रास्त भाव बांधून देणे योग्य ठरते. आपल्या राज्यात २०१८ मध्ये शासनाने खासगी बसचे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा अधिक असू नये, असे ठरवले. त्यामागेही सणासुदीची अडवणूक हेच कारण होते. फुकहांनी तर वुजूच्या पाण्याबाबतही हा विचार केला: पाणी रास्त किमतीच्या दुपटीने विकले जात असेल, तर ते विकत घेणे बंधनकारक नाही, तयम्मुम करावा. म्हणजे इबादतीसाठीही लुबाडून घेण्याची सक्ती शरीअत करीत नाही. हज त्याच्यावरच फर्ज आहे, ज्याच्याकडे प्रवासाची ऐपत आहे. आणि या ऐपतीचा अर्थ विद्वानांनी शिधा आणि वाहन असा केला. आजचे वाहन म्हणजे विमानाचे तिकीट. म्हणून तिकिटाचा भाव ही केवळ दुनियेची बाब नाही.

अजाण माणसाची संमती

बसऱ्याचे यूनुस बिन उबैद (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांची हकीकत इमाम गजाली यांनी नोंदवली आहे. दुकानात ४०० दिरहमची वस्त्रे होती आणि २०० ची. ते नमाजला गेले असता एका खेडुताने ४०० चे वस्त्र मागितले. पुतण्याने त्याला २०० चे दाखवले. त्याला ते आवडले, त्याने ४०० दिरहम दिले आणि आनंदाने निघाला. वाटेत यूनुस भेटले, त्यांनी वस्त्र ओळखले आणि किंमत विचारली. हे २०० हून अधिकचे नाही, परत चला, असे ते म्हणाले. खेडूत म्हणाला, आमच्या गावी हे ५०० चे आहे, मी राजी आहे. तरीही यूनुस त्याला दुकानात घेऊन आले, २०० दिरहम परत केले आणि पुतण्याला खडसावले. पुतण्याचे म्हणणे होते, गिऱ्हाईक राजी होते. यूनुस म्हणाले, मग जे तू स्वतःसाठी पसंत केले असतेस, ते त्याच्यासाठी का केले नाहीस?

ही हकीकत मी मदरशात शिकलो होतो, इतरांनाही शिकवली होती. तरीही पुढील प्रसंग माझ्या हातून घडला.

सोळावे तिकीट

काही वर्षांपूर्वी एका प्रवास-एजंटाने मला सांगितले, "मौलाना, पंधरा माणसे आणा, सोळावे तिकीट तुमचे." उमऱ्याची तळमळ मलाही होती आणि इमामाच्या पगारात ते शक्य नव्हते. मी जुमाच्या बयानात उमऱ्याचे फजिलत सांगितले, माणसे जमली. त्यात मूल तालुक्यातील शिलाईकाम करणारे एक वयस्कर चाचा होते. मुंबईहून जिद्दाच्या विमानात त्यांच्या शेजारी एक तरुण बसला होता. त्याने तिकीट तीन महिने आधी स्वतःच काढले होते. चाचांच्या कागदावर तिकिटाचे म्हणून लावलेले पैसे आणि त्याचे भाडे यांत सुमारे नऊ हजारांचा फरक निघाला. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "मौलाना, आपलं तिकीट केवढ्याला पडलं?"

मी म्हणालो, "सगळ्यांचं सारखंच, चाचा."

आम्ही इहराममध्ये होतो. मीकात यायचा होता.

प्रेषितांनी (स.) जकात वसुलीला पाठवलेला एक माणूस परतल्यावर म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषितांनी विचारले, तू आईबापांच्या घरी बसून राहिला असतास, तर ही भेट तुला मिळाली असती का? मक्केत तवाफ करताना हा प्रश्न मला सोडीना. मी मिंबरवर नसतो, तर मला ते सोळावे तिकीट मिळाले असते का? ते मोफत नव्हतेच. पंधरा जणांच्या भाड्यात ते वाटून घेतलेले होते आणि ते त्यांना ठाऊक नव्हते.

परतल्यावर मी सर्वांना बोलावून हे सांगितले. माझ्या तिकिटाच्या रकमेचे पंधरा भाग केले आणि ते फेडायला मला वर्षाहून अधिक काळ लागला. काहींनी पैसे घेतले, काहींनी मदरशाला दिले. चाचा म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतं तरी मी आलो असतो." मला अजूनही वाटते, त्यांना नऊ हजारांपेक्षा माझे ते उत्तर अधिक लागले.

गटाचे नेतृत्व करणाऱ्याला सवलत मिळणे मुळात हराम नाही. जो जमवाजमव करतो, मनासिक शिकवतो, त्याला मोबदला घेता येतो. पण तो उघड असावा आणि देणाऱ्याला ठाऊक असावा.

आपण काय करावे?

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी कोणी उमऱ्याला निघत असेल, तर एजंटाकडून तिकीट, व्हिसा, निवास आणि त्याची स्वतःची फी यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. प्रामाणिक माणूस ते आनंदाने देईल. विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच तारखेचे भाडे पाहा. तारीख दोन-चार दिवस मागे-पुढे करून पाहा, नागपूर, मुंबई आणि हैदराबाद यांची तुलना करा. दक्षिण गडचिरोलीच्या माणसाला हैदराबाद सोयीचे पडू शकते. परतीचे तिकीट एकत्र काढल्यास बहुधा स्वस्त पडते. मात्र सामानाची मर्यादा, परताव्याची अट आणि विमानतळापर्यंतचा खर्च मिळवूनच स्वस्त-महाग ठरवा. हजच्या अर्जात प्रस्थानस्थळ निवडावे लागते. ते निवडण्यापूर्वी घरातील सर्वांनी हिशेब मांडावा.

सवलत शोधणे हलाल आहे. सवलतीसाठी खोटे बोलणे नाही. सहा वर्षांच्या मुलाला एसटीत पाचाच्या आतला सांगणे आणि खोट्या ओळखीवर विमानाचे सवलतीचे तिकीट घेणे, हे एकाच जातीचे पाप आहे. तिकिटाच्या ज्या अटी आपण मान्य केल्या, त्या पाळणेही आपल्यावर आहे. मुसलमान आपल्या कराराला बांधील असतो. कंपनी मोठी आहे, म्हणून तिच्याशी केलेला करार लहान होत नाही.

आणि ज्यांना हे गणित कळते, त्यांच्यावर एक जबाबदारी आहे. मोबाइलवर भाडे पाहता येणारा एक तरुण तरी आपल्या प्रत्येक वस्तीत असतो. त्याने जुमानंतर अर्धा तास मशिदीत बसावे आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला आजचे भाडे वाचून दाखवावे. जंगलवाटेवरच्या माणसाला बाजारभाव कळवणे, ही काफिल्याच्या त्या हदीसची आजची अंमलबजावणी आहे. विमान कंपनीचे गणित आपल्या हाती नाही. आपल्या भावाला अंधारात न ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल कमाईतून आपल्या घराचे दर्शन घडवो, आपल्या व्यवहारांत सचोटी देवो आणि माझ्या चुका माफ करो. आमीन.