मुका मार आणि शब्दप्रमाण

ज्या आघाताने कातडी फाटत नाही, हाड मोडत नाही, पण अंग दुखत राहते, त्याला मराठीत मुका मार म्हणतात. हे दुखणे ज्याचे त्यालाच कळत असल्यामुळे दुसऱ्याने ते कशाच्या आधारावर खरे मानावे, हा प्रश्न विम्याचा असण्याआधी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान खरे कसे ठरते याच्या विचाराचा आहे. राष्ट्रीय महामार्ग 53 वर कोहमाऱ्याला थांबलेल्या मोटारीवर मागून दुसरी मोटार कमी वेगाने आदळली, तर आसन धडाला पुढे ढकलते, डोके क्षणभर मागेच राहते आणि मानेला हिसका बसतो. ताणलेले स्नायू क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत आणि मान पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी आखडते.

अशा दुखण्यासाठी मागितलेल्या भरपाईच्या दाव्याला विरोध करताना बंपरला पोचा नाही म्हणून इजाही नाही, असे म्हटले जाते. हे अनुमान झाले, आणि न्यायदर्शनानुसार, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेनुसार, अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे हेतू (दिलेले कारण) आणि साध्य (सिद्ध करायची गोष्ट) यांचे कधीही न चुकणारे साहचर्य. पत्रा दबतो तेव्हा धक्क्याचा काही जोर तोच पचवतो. न दबलेल्या गाडीत तो जोर आसनापर्यंत पोचू शकतो. म्हणून हा हेतू सव्यभिचार, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा, ठरतो.

संशय मात्र निराधार नाही, कारण खोटे दावेही होतात आणि त्यांचा भार सगळ्यांच्या हप्त्यांवर पडतो. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे खात्रीचे साधन, मानते ते आप्ताच्या. ज्याला वस्तू साक्षात ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लावले, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्यामुळे आप्तता पदावर किंवा जन्मावर अवलंबून राहत नाही. वेदनेबाबत पहिली अट पीडित माणूस स्वतःच पुरी करतो. लोभाने त्याचा शब्द वाकला आहे का, एवढाच तपास उरतो.

कायद्यालाही न दिसणारी वेदना अपरिचित नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना देणारी इजा, हाड मोडले नसले तरी, गंभीर दुखापत ठरू शकते. जुन्या दंड संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती. अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याच्या क्षमतेची हानी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2010 मधील एका निकालात स्पष्ट केले. गोंदिया जिल्ह्यात हा भेद धानाच्या बांधीत दिसतो: रोवणीची बाई चिखलात कमरेत वाकून, मान खाली घालून, हातातल्या पेंढीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, रोवत दिवसभर मागे सरकत असते, आणि आखडलेल्या मानेने हे काम होत नाही, प्रमाणपत्रावर टक्केवारी कितीही कमी असो. ती कोणत्या दिवसापासून रोवणीला आली नाही, हे तिच्या शेजारी रोवणाऱ्या बायका मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे सांगू शकतात, आणि तिच्या भरपाईतला एक रुपयाही त्यांना मिळायचा नसतो.