हाक मारण्याची लाज

गेल्या वर्षी चार महिने मुलाकडे, अमेरिकेत न्यू जर्सीला राहिलो. मुलगा-सूनबाई कामावर, नातवंडे शाळेत. हरिपाठ झाला, ज्ञानेश्वरीचे पान वाचून झाले की दुपारी घर खायला उठे. अशाच एका दुपारी फोन वाजला. बोलणारा माणूस नव्हताच, भरून ठेवलेला आवाज होता. इंग्रजी मला समजण्यापुरते येते. आवाज म्हणाला, "तुमच्या एका हितचिंतकाने तुमच्यासाठी गळ्यात घालायचे मदतीचे यंत्र घेतले आहे. पैसे भरलेले आहेत. फक्त एक आकडा दाबा."

माझे डोळे भरून आले. वाटले, मुलानेच न सांगता घेतले असणार. संध्याकाळी विचारले, तर त्याने काहीच घेतले नव्हते. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, असे फोन इथे येतातच." २०१४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्लोरिडा राज्याबरोबर अशाच फोनवाल्या विक्रेत्यांना न्यायालयात खेचले होते. कोणीही न घेतलेली भेट 'घेतली आहे' म्हणून सांगायची आणि म्हाताऱ्यांकडून महिन्याचे शुल्क वसूल करायचे, असा आरोप होता. पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. त्यांनी मुलाच्या मायेचे सोंग घेतले होते.

वाचक माउली, यंत्र वाईट नाही. गळ्यात लहानसे पदक, त्यावर एक कळ. कळ दाबली की घरातल्या फोनपेटीतून मदतकेंद्रातला माणूस बोलतो आणि नातेवाइकाला किंवा रुग्णवाहिकेला कळवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठी ओलांडलेले सर्वांत जास्त. पडण्याइतकेच पडून राहणेही घातक. तासन् तास फरशीवर राहिले की अंगातले पाणी आटते, स्नायू खराब होतात, पाठीला जखमा होतात. वेळेवर कोणी आले तर जीव वाचतो.

मग प्रश्न असा : वस्तू चांगली असेल, तर ती भीती दाखवून विकली तर बिघडले कुठे? १९८९ साली अमेरिकेत दूरदर्शनवर एक जाहिरात गाजली. न्हाणीघरात पडलेली आजी ओरडते, मी पडले आहे, मला उठता येत नाही! जाहिरातदारांना त्यातून गिऱ्हाईक मिळाले. लोकांनी मात्र त्या वाक्याचा विनोद केला. देशभर नकला झाल्या. म्हाताऱ्या माणसाची असहायता एकाने विकली आणि बाकीच्यांनी हसण्यावारी नेली.

कोणी म्हणेल, संतांनीही देह नाशिवंत आहे, काळ उभा आहे, असे बजावलेच ना? ती भीती नव्हे काय? फरक आहे. आपण घाबरलो म्हणून संतांच्या पदरात काही पडत नव्हते. ते मृत्यू दाखवतात ते भय सुटावे म्हणून. विक्रेत्याला मात्र भय टिकलेले हवे असते, कारण शुल्क दर महिन्याला यायचे असते. दोघांचे शब्द सारखे वाटले तरी हेतू निराळा.

या भीतीने काम तरी होते का? इंग्लंडात केंब्रिज येथे नव्वदी पार केलेल्यांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. घरात मदतीची कळ असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि उठू न शकलेल्यांपैकी बहुतेकांनी ती दाबलीच नव्हती.

हे ऐकले आणि मी वरमलो. अमेरिकेला जाण्याआधीच्या श्रावणात मी गावी न्हाणीघरात घसरलो होतो. भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनी भांडी घासत होत्या. आवाज स्पष्ट येत होता. मी हाक मारली नाही. ओल्या अंगाने, सुटलेल्या पंचाने कोणाला बोलवायचे? अर्धा तास तसाच बसलो, मग मोरीचा कठडा धरून उठलो. मुलाला आजवर सांगितले नव्हते. आणि हाच मी, दर एकादशीला टाळ घेऊन सर्वांच्या पुढे उभा राहून देवाचा धावा गातो!

संतांनी 'धावा' कशाला शिकवला? देवाला ऐकू येत नाही म्हणून नव्हे. हाक मारताना आपला ताठा गळतो म्हणून. पण देवाला मारलेली हाक सोपी असते. शेजारणीला मारायची हाक अवघड. मला वाटते, यंत्र विकणाऱ्याने आणि घेऊन देणाऱ्यानेही इथूनच सुरुवात करावी. म्हाताऱ्याला समोर बसवावे, किंमत सांगावी, यंत्र कुठे चालत नाही तेही सांगावे, आणि नको म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे ठेवावा. घाबरवून गळ्यात घातलेली वस्तू खुंटीवर जाते.

पुंडलिकाची सेवा आपण मोठेपणाने सांगतो. विटेवर देव थांबला, पण आईबापांना थांबावे लागले नाही. आज मुले सातासमुद्रापार असतात. त्यांना दोष देण्याचा माझा विचार नाही. पण आईबापांना 'आपण ओझे आहोत' असे वाटू न देणे, एवढे पुंडलिकपण दुरूनही जमते.

त्या रात्री मुलाला श्रावणातली गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, खरे यंत्र घेऊ का?" मी म्हटले, "घे. पण मला रोज एकदा काही काम नसताना फोन कर. म्हणजे काम पडेल तेव्हा मला कळ दाबायची लाज वाटणार नाही."

आता मी गावी आहे. तुळशीच्या माळेशेजारी ते पदक असते. फोन रोज येतो. आणि शेजारच्या वहिनींना मी सांगून ठेवले आहे : एखादे दिवशी हाक आली, तर या.

रामकृष्ण हरी.