तारांचं चाक

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये 1962 साली 'एमजीबी' ही दोन आसनांची, उघडी गाडी बनू लागली. थोडे जास्त पैसे मोजले की तिला तारांची चाकं मिळत. एका चाकात साठ तारा. तो कारखाना 1980 साली बंद झाला. गाड्या मात्र अजून धावतात, आणि त्यांचे मालक अजूनही चाकापाशी बसून तारा वाजवून बघतात.

वाजवूनच बघायच्या. चाक जॅकवर उचलायचं, हलकासा पाना घ्यायचा आणि एकेका तारेवर टिचकी मारत पुढे सरकायचं. ताणलेली तार खणखणते. सैल तार बद्द वाजते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. हे काम कानाचं आहे, आणि कानाला घाई चालत नाही.

एक तार सैल पडली, तर चाक लगेच कुरकुरत नाही. तिच्या वाटचा भार शेजारच्या तारा उचलतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं. मग एखाद्या दिवशी तुटते ती कदाचित शेजारचीच, जी इतके दिवस निमूट दोघींचं ओझं वाहत होती. तुटलेली तार सगळ्यांना दिसते. सैल तार शोधावी लागते.

ती सापडली, तरी एकटीला आवळून भागत नाही. आवळलं की रिम त्या बाजूला ओढली जाते. मग समोरच्या बाजूची तार बघायची, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. आपल्याकडचा सायकलवाला चाकाचा आऊट काढतो, तेच हे काम. चाक सरळ फिरतं तेव्हाही आत ओढाताण चालूच असते. दोन्ही बाजूंनी सारखी असते, इतकंच.

चाकाच्या मधोमध असलेल्या तुंब्याच्या आत मात्र कान पोचत नाही. तिथे बारीक खाचा असतात. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा धक्का त्यांच्यातूनच चाकापर्यंत जातो. त्या कोरड्या पडल्या की झिजून धारदार होतात. गाडी सुटताना, थांबताना 'ठक्' ऐकू येऊ लागतं, पण तोवर उशीर झालेला असतो. झिजलेल्या तुंब्यावर नवं चाक चढवलं, तर तेही झिजतं.

बाहेरचा क्रोम चकचकीत ठेवणारे पुष्कळ असतात. मला त्या माणसाची गाडी अधिक भरवशाची वाटते, जो चाक उतरवून त्या खाचांमधलं जुनं, धूळ खाल्लेलं ग्रीस पार पुसून काढतो आणि ताजं लावतो. कुणाला दिसणार नाही अशा जागी.

मग चाक चढवायचं. मधला दोन कानांचा एकच नट तांब्याच्या हातोडीने ठोकून बसवायचा. डावीकडच्या आणि उजवीकडच्या नटाचे आटे उलट असतात, म्हणून बाजू पाहून घ्यायची. गाडी थोडं अंतर फिरवून आणायची. तेवढ्यात चाक आपल्या जागी आणखी बसतं आणि नट किंचित ढिला पडू शकतो. म्हणून परत आल्यावर हातोडी पुन्हा एकदा हातात घ्यायची.