मुरघासाचा खड्डा आणि उसनी पेंढी

खड्डा भरून त्यावर कागद आणि माती पडली की मला निवांत झोप लागते. हा निवांतपणा नेमका कशाचा, हे स्वतःला एकदा नीट विचारायला हवं असं बरेच दिवस वाटत होतं.

आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. 2012-13च्या दुष्काळात माणसं जनावरांसकट चारा छावणीत राहिली, ते इथं कुणीच विसरलेलं नाही. दावणीची गाय चाऱ्यावाचून विकावी लागण्याची भीती खरी होती, आणि खड्डा मी त्या भीतीपोटीच खणला. पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर 30 फूट लांब, 10 फूट रुंद, 6 फूट खोल. नीट दाबून भरला तर 25 टनांच्या आसपास मुरघास मावतो. पाच गाईंना रोज 20 किलोप्रमाणे घातला तर आठ महिने निघतात. भीती तेव्हाच संपायला हवी होती. तरीही दुसरा खड्डा कुठं घेता येईल, टंचाईत टनाला काय भाव मिळेल, असे विचार मनात येतात. त्यांना मी अजून काळजीच म्हणतो. आता त्यात लोभ किती, हे मात्र मला विचारलंच पाहिजे.

मुरघासाचं सगळं गणित हवा कोंडण्याचं. मक्याचा दाणा चिकात आला, ताटात 65 ते 70 टक्के ओल असली की कापायचा, कुट्टी करायची, अर्धा-अर्धा फूट थर देत ट्रॅक्टरनं दाबायचा. आत हवा उरली तर बुरशी येते. हवा गेली तर जिवाणू ताटातल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं चारा टिकतो. साधारण 45 दिवसांनी एका टोकाकडून उघडायचा, मग रोज समोरचा थर काढत राहायचं. काढलेला चारा फार वेळ उघडा राहिला की तापतो, खराब होतो.

म्हणूनच तो उसना देता येत नाही. शाळूच्या कडब्याची गंज असायची तेव्हा शेजारी चार पेंढ्या मागायचा, सुगीत परत करायचा. पेंढी मोजता यायची, ठेवता यायची, फेडता यायची. माझ्या खड्ड्यातून पाटीभर नेलेला मुरघास त्याच दिवशी संपवावा लागतो, आणि ज्याच्याकडं खड्डाच नाही त्यानं तो फेडायचा कशानं? त्यामुळे आता कुणी मागायलाच येत नाही. मी कुणाला नाही म्हटलेलं नाही, हे खरं. पण त्या खरेपणाचा आधार घ्यायला माझं मन तयार होत नाही.

सरव्याचंही तसंच. पूर्वी कणसं खुडल्यावर रानात राहिलेली चुकार कणसं वेचायला बाया यायच्या, मागाहून शेळ्या धसकटांत फिरायच्या. त्या वेचण्याला कुणी दान म्हणत नव्हतं, तो त्यांचा हक्कच होता. मुरघासासाठी कणसासकट अख्खं ताट बुडापासून कापलं जातं. मागं रानात वेचण्याजोगं काही राहत नाही. एकही दाणा वाया जात नाही, हे मी अभिमानानं सांगतो. तो दाणा आधी वाया जात नव्हता, दुसऱ्याच्या पदरात जात होता.

आणखी एक. आंबताना निघणारे वायू हवेपेक्षा जड असतात, खोलगट जागी साचतात. खड्ड्यात आधी कोण उतरतं? रोजंदारीवरचा माणूस. आता भरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे त्याला तिथं जाऊ द्यायचं नाही, आणि उघडताना मी आधी पुढं व्हायचं, हा माझ्या घरचा नियम आहे. तेवढ्यानं त्याचं देणं फिटत नाही.

मुरघास सोडावा असं मला वाटत नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात तो गाई जगवतो. या खेपेला बांधालगतच्या मक्याच्या चार ओळी कुट्टीला घालायच्या नाहीत, एवढं ठरवलंय. कणसं वेचणाऱ्यांची, ताटं शेळ्यांची. पाऊस ओढ देईल तेव्हा त्या चार ओळीही खड्ड्यात मोजायचा मोह मला होणार, हे आत्ताच दिसतंय. म्हणून शेजारच्या आक्कांना पेरणीआधीच जाऊन सांगून आलो.